एकच जोडीदार, तरीही एचआयव्ही: पुण्यातल्या ३९१ स्त्रियांचं प्रकरण

मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांचं रक्त एचआयव्हीसाठी तपासलं गेलं. त्यांतल्या ५२५ जणी धंदा करणाऱ्या होत्या. उरलेल्या ३९१ जणींचा धंद्याशी संबंध नव्हता. या दुसऱ्या गटात बहुतेक संसारी बायका होत्या, नवऱ्याखेरीज दुसऱ्या पुरुषाशी संबंध आलेला नाही असं सांगणाऱ्या. पहिल्या गटात ४९.९ टक्के जणींना लागण निघाली. दुसऱ्या गटात १३.६ टक्के जणींना, म्हणजे दर सात-आठ जणींमागे एकीला.

हा अभ्यास भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांसोबत केला. संस्था तेव्हा नवीच होती, १९९२ साली सुरू झालेली. डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. लेखकांत पहिलं नाव डॉ. रमण गंगाखेडकर यांचं होतं. २०२० साली करोनाच्या सरकारी पत्रकार परिषदांमुळे घराघरांत पोचले ते हेच डॉक्टर.

पहिला आकडा भयंकर असला तरी या क्षेत्रात काम करणाऱ्यांना तो अगदीच अनपेक्षित नव्हता. हादरवलं ते दुसऱ्या आकड्याने. एड्स कोणाला होतो, याचं त्या काळचं उत्तर ठरलेलं होतं: वेश्या, ट्रक ड्रायव्हर, नशेची सुई टोचून घेणारे. थोडक्यात, ‘वाईट चालीचे’ लोक. सरकारी यंत्रणाही याच नजरेने बघत होती. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाला, रक्तदानानंतरच्या तपासणीत तो बाधित निघाला म्हणून, एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं होतं, आणि तेही कायद्याच्या आधाराने. बाधित माणूस हुडकून बाजूला काढला की बाकीचे सुरक्षित, असा तो विचार. पुण्यातल्या या ३९१ स्त्रिया त्या विचारात कुठेच बसत नव्हत्या. त्या कुठे गेल्या नव्हत्या, त्यांनी काही वावगं केलं नव्हतं, आणि सांभाळून राहा म्हणून त्यांना जो काही उपदेश करता आला असता तो त्या आधीपासूनच पाळत होत्या.

प्रश्न तिच्याबद्दल नाही, त्याच्याबद्दल

गुप्तरोगाच्या ओपीडीत बाई येते तेव्हा मूळ तक्रार सहसा सरळ सांगत नाही. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, लघवीला आग होतेय, इथून सुरुवात होते. खूपदा ती आधी स्त्रीरोग विभागात जाऊन आलेली असते आणि तिथून चिठ्ठी देऊन इकडे पाठवलेली असते. सोबत सासू किंवा नणंद असेल तर तिला आधी बाहेर बसवावं लागतं. मग विचारपूस: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती, ऑपरेशन झालंय का, नवऱ्याशिवाय आणखी कोणाशी संबंध आला का. या शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ येतं, बहुधा मान खाली घालून. पण त्यानंतर दुसरा प्रश्न असतो: मालकांना कधी खाली फोड आला होता का, जखम झाली होती का, पू गेला होता का, त्यासाठी त्यांनी कुठे सुया घेतल्या होत्या का? इथे बाई जरा विचार करते. गरमी झाली, परमा झाला, असं घरात कोणी मोठ्याने बोलत नसलं तरी बायकोला माहीत असतं. कपडे तीच धुते.

या प्रकरणाचा सगळा अर्थ त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. धंदा न करणाऱ्या स्त्रियांच्या गटात संशोधकांनी वेगवेगळ्या घटकांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा लागणीशी ठळक संबंध असलेली एकच गोष्ट शिल्लक राहिली: ज्या जोडीदाराशी संबंध आला त्याला गुप्तरोग असणं. एकुलत्या एक जोडीदाराला, म्हणजे नवऱ्याला. धंदा करणाऱ्या स्त्रियांच्या गटात निराळ्या गोष्टी पुढे आल्या. कंडोम नियमितपणे न वापरला जाणं, आणि जननेंद्रियावर जखमा किंवा चामखिळी असणं.

दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून पाहिले की मधला माणूस दिसायला लागतो. तो या ९१६ जणींच्या यादीत नाही. पण बुधवार पेठेतल्या, म्हणजे पुण्याच्या वेश्यावस्तीतल्या, खोलीत जी जखम होती ती त्याच्या अंगावर घरी आली, आणि बायकोच्या केसपेपरवर ‘नवऱ्याला गुप्तरोग: होय’ अशी नोंद झाली.

हा पुरुष फार बाहेरख्याली असायला हवा असंही नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात लागलेला, खोली करून चार जणांत राहणारा, महिन्या-दोन महिन्यांनी गावी जाणारा कामगार घ्या. मुंबई-पुणे-सातारा-कोल्हापूर रस्त्यावर ट्रक चालवणारा घ्या, किंवा सणासुदीला, पगार झाल्यावर मित्रांबरोबर पेठेत जाणारा कारकून घ्या. वर्षातून तो चार-पाच वेळाच गेला असेल. त्याच्या जोडीदारांची संख्या मोजली तर ती डोळ्यांत भरणारी नसते. तरी साथीच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा, कारण एरवी ज्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही अशी दोन जगं त्याच्या एकट्याच्या देहाने जोडली जातात. साथरोगाचे अभ्यासक या लोकांना पूल म्हणतात. पेठेतली बाई आणि वाईच्या शेतावर भांगलणी करणारी बाई एकमेकींना कधी भेटणार नाहीत. लैंगिक संबंधांच्या जाळ्यात मात्र त्या दोघींमध्ये फक्त एक माणूस असतो.

असं जाळं प्रत्यक्ष काढून पाहणं अवघड, कारण त्यासाठी लोकांना नावं विचारावी लागतात. आफ्रिकेतल्या मलावी देशात लिकोमा नावाचं छोटं बेट आहे, तिथे संशोधकांनी तरुण वयाच्या लोकांना त्यांच्या जोडीदारांची नावं विचारून ते केलं. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे जोडीदार मोजकेच होते, तरी लैंगिक संबंध असलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक एकाच सलग जाळ्यात जोडले गेलेले निघाले. पुण्याच्या अभ्यासात असा नकाशा काढलेला नव्हता. पण नवऱ्याबद्दलच्या त्या एका उत्तरातून जाळ्याचा आकार ओळखण्याइतका पुरावा मिळाला.

सरासरीचा हिशेब इथे चुकतो

समाजात ‘असं’ वागणारे किती, असं विचारलं की लोक सरासरी काढायला बसतात आणि सरासरी छोटी आली की निश्चिंत होतात. ही चूक नेमकी कुठे होते ते आकडे मांडून बघण्यासारखं आहे. पुढचे आकडे काल्पनिक आहेत, गणित खरं आहे.

समजा, एका भागात १,००० पुरुष आहेत. त्यांतल्या ९०० जणांना वर्षभरात एकच जोडीदार, बायको. उरलेल्या १०० जणांना प्रत्येकी २०. एकूण संबंध झाले ९०० अधिक २,०००, म्हणजे २,९००. सरासरी दर माणशी २.९. आकडा घाबरवणारा नाही.

आता लागणीच्या बाजूने बघा. ज्याचे जोडीदार वीस, त्याच्यापर्यंत लागण पोचण्याची शक्यता एकवाल्याच्या वीसपट. आणि एकदा पोचली की पुढे देण्याच्या जागाही वीस. एकच संख्या दोनदा मोजली जाते, लागण येताना एकदा आणि जाताना एकदा. म्हणून साथीचा हिशेब करताना प्रत्येकाच्या संख्येचा वर्ग घ्यावा लागतो. ९०० जणांचा १ चा वर्ग मिळून ९००. १०० जणांचा २० चा वर्ग, म्हणजे ४००, मिळून ४०,०००. बेरीज ४०,९००. तिला २,९०० ने भागलं की येतात १४.१. लोकांच्या डोळ्यांसमोर जो आकडा २.९ असतो, तो विषाणूच्या लेखी चौदा असतो.

उपाय कुठे करायचा तेही हेच गणित सांगतं. शंभर जणांच्या वीसपैकी पंधरा संबंधांत कंडोम वापरला गेला असं धरा. उघडे संबंध उरले पाच-पाच. आता वर्गांची बेरीज ९०० अधिक २,५००, म्हणजे ३,४००, एकूण उघडे संबंध १,४००, भागाकार २.४. चौदावरून थेट अडीचच्या आत. उलट, त्या ९०० जणांना एकनिष्ठेवर कितीही प्रवचनं दिली तरी आकडा तसूभर हलत नाही, कारण ते आधीच एकावर आहेत. त्यांच्या बायकाही. अमेरिकेत परमा या गुप्तरोगाची साथ का हटत नाही याचा अभ्यास करणाऱ्या गणितज्ञांनी १९७८ मध्येच हे मांडलं होतं: एका लहान गटातल्या देवघेवीवर सबंध समाजातली साथ तगून राहू शकते.

नव्वदच्या दशकातला आपला बराचसा प्रचार याच्या उलट दिशेला होता. भिंतीभिंतींवर सगळ्यांनाच सारखा सल्ला: जोडीदाराशी एकनिष्ठ राहा. तो सल्ला वाचणाऱ्या बायकोला त्यातून काहीच मिळत नव्हतं. तिचा धोका तिच्या वागण्यात नव्हताच. तो नवऱ्याच्या संबंधांत होता आणि त्याच्याही पलीकडे, तिने कधी न पाहिलेल्या लोकांच्या संबंधांत. तिच्या हातात एकच गोष्ट उरत होती, नवऱ्याला कंडोम वापरायला सांगणं. आणि ते सांगणं म्हणजे त्याच्यावर आळ घेणं. शिवाय महाराष्ट्रातलं कुटुंबनियोजन मुख्यतः बायकांच्या ऑपरेशनवर चाललं. दोन-तीन मुलं झाली, बाईचं ऑपरेशन झालं, की घरात निरोधचं काही कामच उरत नसे. ज्या योजनेचं यश म्हणून आपण कौतुक करत होतो तिनेच ही वाट उघडी ठेवली, याची चर्चा मला फारशी कुठे आढळलेली नाही.

वेळेचा भाग

एचआयव्ही तसा सहज पसरणारा विषाणू नाही. एका संबंधात लागण होण्याची शक्यता फार कमी असते. मग तो इतका पसरला कसा? इथे नुसती संख्या पुरत नाही, संबंध कोणत्या क्रमाने येतात ते बघावं लागतं.

युगांडातल्या राकाई जिल्ह्यात जोडप्यांवर झालेल्या एका अभ्यासाचे आकडे २००५ मध्ये आले. जोडीदाराला लागण होऊन जेमतेम अडीच महिने होईपर्यंतच्या काळात दर १०,००० शरीरसंबंधांमागे साधारण ८२ वेळा विषाणू दुसऱ्याकडे गेला. नंतरच्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या स्थिर काळात तोच आकडा साधारण ७ होता. म्हणजे माणूस सगळ्यांत जास्त धोकादायक असतो तो नेमका नुकती लागण झालेली असताना, जेव्हा त्याला स्वतःला फार तर चार दिवस ताप येऊन गेलेला असतो आणि तपासणीतही कदाचित काही दिसत नसतं.

आता दोन पुरुष घ्या. एकाचं एक नातं संपतं, मग काही महिन्यांनी दुसरं सुरू होतं. दुसऱ्याची दोन नाती एकाच वेळी चालू आहेत. वर्षाअखेर दोघांचेही जोडीदार दोनच. पण पहिल्याच्या बाबतीत मधल्या महिन्यांत तो तीव्र काळ निघून गेलेला असतो, आणि नव्या जोडीदाराकडून काही मिळालं तर ते जुनीकडे परत जाण्याची वाट बंद झालेली असते. दुसऱ्याच्या बाबतीत सगळ्या वाटा सतत उघड्या. लग्न झालेला पुरुष बाहेर गेला की तो आपोआप या दुसऱ्या प्रकारात येतो, कारण लग्नाचं नातं खंडितच होत नाही. शनिवारी पेठेत आणि पुढच्या आठवड्यात दिवाळीला घरी. तीव्र काळ सबंध बायकोच्या वाट्याला.

त्यात जखमांची भर. गरमी, मृदुव्रण, जननेंद्रियावरची नागीण अशा गुप्तरोगांनी झालेली उघडी जखम विषाणूला आत शिरायला आणि बाहेर पडायला दोन्हीकडून वाट करून देते. म्हणून नवऱ्याचा गुप्तरोग हा या अभ्यासात दुहेरी अर्थाचा आहे. तो कुठे जाऊन आला याची ती खूण आहे, आणि विषाणू घरात येण्याचा प्रत्यक्ष रस्ताही. गुप्तरोगांवर वेळेत, नीट उपचार करणं हे एचआयव्ही रोखण्याच्या कामात का घेतलं गेलं, ते यावरून कळेल. दुर्दैवाने त्या काळी पुरुष अशा आजारासाठी सरकारी दवाखान्यात यायला लाजत. बसस्टँडच्या मुतारीत ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ अशी जाहिरात चिकटवणाऱ्याकडे जात, अर्धवट सुया घेत, आणि बायकोला काही न सांगता बरे झालो असं समजत.

या आकड्यांतून काय काढू नये

१३.६ टक्के हा पुण्यातल्या सगळ्या विवाहित स्त्रियांचा आकडा नाही. गुप्तरोगाच्या दवाखान्यापर्यंत आलेल्या स्त्रियांचा तो आहे, म्हणजे ज्यांना आधीच काही तक्रार होती किंवा ज्यांचा नवरा आजारी होता त्यांचा. हे भान सुटलं की मोठे घोळ होतात. देशातल्या बाधितांचा एकूण अंदाज बरीच वर्षं अशा दवाखान्यांतल्या आणि रुग्णालयांतल्या तपासण्यांवर बेतलेला होता. घराघरांतून रक्ताचे नमुने घेणारं मोठं सर्वेक्षण झाल्यावर २००७ मध्ये तो ५० लाखांच्या वरून साधारण २५ लाखांवर आणावा लागला.

दुसरं, हा एका वेळी घेतलेल्या माहितीवरचा अभ्यास आहे. कोणाला कधी आणि कोणाकडून लागण झाली, हे त्यातून सिद्ध होत नाही. नवऱ्याकडून झाली असणं सर्वांत संभवनीय, इतकंच संशोधकांनी म्हटलं आणि तेवढंच म्हणायला हवं. काही जणींनी आपला पूर्वीचा संबंध लपवला असेल. काही जणींना तपासणी न केलेल्या रक्तातून किंवा पुन्हा वापरलेल्या सुईतून लागण झाली असेल. पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी यायला १९९८ उजाडलं. पण हे सगळं धरूनही जोडीदाराच्या गुप्तरोगाशी दिसलेला संबंध पुसला जात नाही.

खोलीत कोणाचं चालतं

गणित म्हणतं, जिथे संबंध सगळ्यांत दाट आहेत तिथे कंडोम पोचवा. गणिताला हे सांगता येत नाही की त्या खोलीत कोणाचं चालतं. गिऱ्हाईक जास्त पैसे देऊन बिनकंडोमचं मागतं, कुंटणखाना चालवणारी घरवाली नवीन आलेल्या मुलीला नाही म्हणू देत नाही, पोलीस झडतीत सापडलेला कंडोम धंद्याचा पुरावा म्हणून धरतात. अशा ठिकाणी ‘कंडोम वापरा’ हा फलक लावून काय होणार? पुण्याच्या आकड्यांत अर्ध्या बायका बाधित निघाल्या त्यामागे त्यांचं अज्ञान थोडं आणि ही परिस्थिती जास्त होती.

याचं उत्तर सांगलीत मिळालं, असं मी मानते. संपदा ग्रामीण महिला संस्थेने, म्हणजे ‘संग्राम’ने, १९९२ मध्ये धंदा करणाऱ्या बायकांमध्ये काम सुरू केलं. कंडोम बाहेरच्या कार्यकर्त्यांनी न वाटता त्याच बायकांनी आपापल्या गल्लीत वाटायचे, हिशेब त्यांनीच ठेवायचा. त्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली, या बायकांची स्वतःची संघटना. गल्लीतल्या सगळ्या दारांवर एकच नियम लागू झाला की गिऱ्हाईकाला शेजारच्या दारात जाऊनही उपयोग होत नाही. एकेकटीने नाही म्हणणं आणि सगळ्यांनी मिळून नाही म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुण्यात बुधवार पेठेतही पुढे ‘सहेली संघ’ अशाच पद्धतीने उभा राहिला. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत हे काम १९९२ पासून चाललं होतं.

आपल्या सुशिक्षित घरांमध्ये एक गोष्ट मान्य करायला आजही जड जाते: गावाकडच्या कितीतरी बायकांचा जीव वाचला तो पेठेतल्या आणि सांगलीच्या गोकुळनगरमधल्या बायकांनी गिऱ्हाईकाला नाही म्हटल्यामुळे. याला आकड्यांचा आधार आहे. तमिळनाडू, महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांत प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या १५ ते २४ वयाच्या स्त्रियांमधलं लागणीचं प्रमाण २००० साली १.७ टक्के होतं, ते २००४ पर्यंत १.१ टक्क्यावर आलं. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही आकडेवारी आली, तेव्हा संशोधकांनी त्यामागचं संभाव्य कारणही तेच दिलं: पुरुष आणि धंदा करणाऱ्या स्त्रिया यांच्यात कंडोमचा वापर वाढल्यामुळे पुढे बायकांकडे जाणारी लागण घटली. या गरोदर मुलींना कोणी काही शिकवलं नव्हतं. त्यांच्यापासून दोन कड्या दूर बदल झाला होता.

पुण्याच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट सुचवली होती, नवरा-बायकोमधल्या कडीवरच काम करणं. त्यावेळी तिथे देण्यासारखं फारसं काही नव्हतं. विषाणूवरची औषधं आवाक्याबाहेर होती; सरकारी रुग्णालयांत मोफत मिळायला एप्रिल २००४ उजाडलं. मग २०११ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, एक बाधित आणि एक नसलेला अशी. बाधित जोडीदाराला लवकर औषधं सुरू केली तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, असं त्यात दिसलं. या चाचणीच्या भारतातल्या केंद्रांमध्ये चेन्नईबरोबर पुणेही होतं, तीच ‘नारी’. आज नियमित औषधं घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी ठेवणाऱ्या नवऱ्याकडून बायकोला लागण होत नाही, हे आपण ठामपणे सांगू शकतो.

जाळ्याच्या टोकाला असलेली बाई

साथीच्या नजरेने पाहिलं तर एकच जोडीदार असलेली बायको जाळ्याच्या अगदी टोकाला असते. तिच्यापर्यंत लागण येते आणि थांबते. पुढे गेलीच तर पोटातल्या बाळाकडे. म्हणून पैसा मर्यादित असेल तर कार्यक्रम तिच्यासाठी आखले जात नाहीत, आणि हिशेबाने ते बरोबरच आहे. पण साथीचा हिशेब आणि बाईच्या आयुष्याचा हिशेब वेगळे आहेत. नवरा आजारी पडला की त्याची सेवा तिने करायची, तो गेला की ‘हिनेच खाल्ला’ म्हणून तिला घराबाहेर काढायचं, जमिनीत हिस्सा द्यायचा नाही, मुलांना वेगळ्या ताटात वाढायचं. नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकात सांगली, सातारा, सोलापूरकडे अशा तरुण विधवा गावोगाव होत्या. साथ कशी थांबवायची हे जाळ्याचं गणित सांगतं. जिच्यापाशी ती येऊन थांबली तिचं काय, हा प्रश्न त्या गणिताच्या कक्षेत येत नाही, आणि धोरण ठरवणाऱ्यांनी तो गणितावर सोडू नये.

यात आणखी एक अन्याय दडलेला आहे, तो तपासणीच्या क्रमाचा. गरोदरपणी प्रत्येकीची एचआयव्ही तपासणी होते. पुरुषाची अशी ठरलेली वेळ कधी येतच नाही. त्यामुळे खूप घरांत लागण आधी नवऱ्याला झालेली असते, पण कळते आधी बायकोची. सासरचे लोक कळण्याचा क्रम हाच लागण होण्याचा क्रम मानतात, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीला कोणी न्यायलाच येत नाही. तिच्या रक्ताच्या रिपोर्टवर तारीख असते ती तपासणीची. लागण कधी आणि कोणाकडून झाली हे त्यात लिहिलेलं नसतं.

एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. बाधित व्यक्ती समुपदेशनानंतरही जोडीदाराला सांगणार नसेल आणि जोडीदाराला खरा धोका असेल, तर बाधित व्यक्तीला आधी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला कळवू शकतात. म्हणजे गप्प राहणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला आता कळण्याची वाट आहे. उलट बाजूलाही त्याच कायद्याने लक्ष दिलं आहे: कळवल्यामुळे मारहाण होईल, घराबाहेर काढलं जाईल अशी वाजवी भीती असेल, विशेषतः बाधित व्यक्ती स्त्री असेल, तर कळवायचं नाही. राहत्या घरातून बाहेर न काढलं जाण्याचा हक्कही कायद्यात आहे. तालुक्याच्या रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात काम करणारे अनुभवी लोक याच्याही एक पाऊल आधी जातात. गरोदर बाईचा रिपोर्ट हातात देण्यापूर्वी ते नवऱ्याला बोलावून घेतात, तिची संमती घेऊन दोघांना एकत्र बसवतात, त्याचंही रक्त त्याच दिवशी घेतात आणि दोघांचे रिपोर्ट एकाच बैठकीत सांगतात.